खोगीर उलटं करून पाहावं

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द कुणाच्याही कौतुकासाठी वापरला जात नाही. समितीत दहा माणसं असतात. त्यातली चार कामाची, बाकीची खोगीरभरती. दिवाळी अंकात तीनशे पानं असतात. त्यातली वाचनीय शंभर, उरलेली खोगीरभरती. आत काय वाटेल ते कोंबावं, वरून चामडं चढवलं की कुणाला दिसतंय, असा या शब्दामागचा भाव. शब्द रूढ करणारा माणूस बहुधा खोगिरावर बसणारा असावा, खोगीर वाहणारा नव्हे. कारण भरती माणसाला दिसत नसली, तरी घोड्याच्या पाठीला ती पहिल्या कोसातच कळते.

एके काळी आपला मुलूख घोड्यांवरून ओळखला जाई. सरकारी पागेचा घोडा वापरणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःचं सामान घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, हा भेद शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी पाठ केला. हीच पद्धत पुढे इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात उचलली आणि शिलेदार हा शब्द 'सिलेदार' होऊन त्यांच्या लष्करी कागदपत्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत नांदला. जीन करणारे ते जिनगर. आज ते आडनाव उरलं, जीन गेलं. मांड, तंग, रिकीब, खोगीर हे शब्द आपण अजून बोलतो. पण तंग नेमका कुठे बांधतात, हे शंभरात पाचांना सांगता येणार नाही.

इंग्लंडमध्ये उलटी गंमत आहे. तिथे घोडा शेतातून आणि रस्त्यावरून गेला, तरी छंद म्हणून राहिला, आणि त्याबरोबर खोगीरही राहिलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं जुनं इंग्लिश खोगीर तिथे अजून विकलं जातं, विकत घेतलं जातं आणि घोड्यावर चढवलंही जातं. त्याची पारख करणारी माणसं आहेत. जुनी पैठणी हातात घेऊन आपल्याकडच्या बायका आधी पदर न पाहता उलटी बाजू पाहतात, तसे हे लोक आधी खोगीर उलटं करतात. ती पारख कशी करतात, आणि तिच्यात एवढं काय अडलेलं असतं, ते पाहण्यासारखं आहे.

नाव एकाचं, हात दुसऱ्याचा

इंग्लिश खोगिराचं माहेर म्हणजे बर्मिंगहॅमजवळचं वॉल्सॉल. मराठी वाचकांना हे गाव दुसऱ्या एका कारणानं जवळचं वाटेल. 'थ्री मेन इन अ बोट' लिहिणारा जेरोम के. जेरोम १८५९ साली इथेच जन्मला. पण गावाची स्वतःची ओळख चामड्याची. मध्ययुगात इथे लगामाच्या कड्या, रिकिबी, बकलं असं घोड्याच्या सामानातलं लोखंडकाम होई. एकोणिसाव्या शतकात त्याला चामड्याच्या कामाची जोड मिळाली आणि गाव जगाला खोगिरं पुरवू लागलं. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावच 'द सॅडलर्स', म्हणजे खोगीरवाले. मोटारी आल्या आणि खोगिरांची मागणी ओसरली, तेव्हा इथले अनेक कारागीर पाकिटं, पर्स, पट्टे करू लागले. राणी एलिझाबेथच्या हातात जी लॉनरची काळी पर्स कायम दिसे, तिचा कारखानाही वॉल्सॉलचाच. जुन्या एका कारखान्याच्या इमारतीत १९८८ साली या धंद्याचं संग्रहालय निघालं, ते यामुळेच.

या व्यवसायाची दुसरी गादी लंडनची. तिथल्या खोगीर करणाऱ्यांच्या संघाला तिसऱ्या एडवर्ड राजानं १३६३ साली सनद दिली. लंडनमध्ये चँपियन अँड विल्टन, ओवेन, मेह्यू अशी बड्या गिऱ्हाइकांची दुकानं होती. छोट्या छोट्या गावांतही एकेक खोगीरवाला असे, आणि तो विकलेल्या खोगिरावर आपलं नाव घालत असे. खोगिराच्या पुढच्या कमानीशी दोन्ही बाजूंना बटणाएवढे खिळे असतात, त्यांच्या माथ्यावर किंवा फ्लॅपखालच्या छोट्या पट्टीवर हे नाव आढळतं.

नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, नाव आहे त्यानंच खोगीर केलं. पुष्कळदा ते नाव फक्त विकणाऱ्याचं असतं. खोगीर वॉल्सॉलच्या कुठल्या तरी कारखान्यात झालेलं असतं, आणि त्यातही आतला लाकडी सांगाडा करणारा वेगळा, बैठक ताणणारा वेगळा. कधी कधी फ्लॅपच्या आतल्या अंगाला किंवा पट्ट्याच्या टोकाला दोन आद्याक्षरं नाहीतर एखादा आकडा ठोकलेला सापडतो. ज्याच्या हातून काम झालं, त्याची तेवढीच सही. म्हणून जाणकार नाव वाचतो, पण त्यावर पैसे लावत नाही.

आधी हाडं, मग कातडं

बँकेत तारणाच्या मालाची तपासणी करताना आम्हाला शिकवलेली एक गोष्ट होती : गोदामात शिरल्यावर समोरची रास पाहू नका, तळातलं पोतं ओढून उघडा. खोगिराचं तळातलं पोतं म्हणजे त्याचा सांगाडा. त्याला ते लोक 'ट्री' म्हणतात, कारण तो मुळात झाडाचाच. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा हा सांगाडा पूर्वी सबंध लाकूड कापून करत. पुढे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून करू लागले. पुढच्या कमानीला आणि मागच्या कडेला पोलादी पट्ट्यांचा आधार असतो. विसाव्या शतकाच्या मध्याला कमानीपासून मागच्या कडेपर्यंत पोलादाच्या दोन लवचिक पट्ट्या बसवलेला 'स्प्रिंग ट्री' लोकप्रिय झाला. बसणाऱ्याचं वजन त्या पट्ट्या किंचित लवून घेतात. त्याआधीचा सांगाडा ताठ.

हा सांगाडा डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो हातांनी आणि कानांनी तपासायचा. पुढच्या कमानीची दोन्ही टोकं दोन हातांत धरून आधी आत दाबायची, मग बाहेर ओढायची. कमान जराही हलता कामा नये. कट् असा बारीक आवाज आला तर आत तडा आहे. मग खोगिराची पुढची बाजू पोटाशी टेकवून मागची कड आपल्याकडे ओढायची. स्प्रिंग ट्री असेल तर बैठक थोडी लवते आणि सोडताच परत येते. ताठ सांगाडा जवळपास लवतच नाही. बैठकीच्या मधोमध आडवी खोल सुरकुती पडली, किंवा एक बाजू जास्त वाकली, तर ते खोगीर जागच्या जागी ठेवून द्यावं. मागची कड कुठल्याच खोगिरात वाकायला नको.

यानंतर खोगीर उलटं करायचं. मागच्या बाजूनं, डोळा बंदूकधाऱ्यासारखा एका रेषेत ठेवून पाहायचं. घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्या सारख्या जाडीच्या, सारख्या उंचीच्या आहेत का? त्यांच्यामधून घोड्याच्या कण्यासाठी सोडलेली मोकळी घळ सरळ जाते का? जुनी खोगिरं पुष्कळदा डावीकडे पिळलेली निघतात. कारण माणसं घोड्यावर डाव्या बाजूनं चढतात. कमरेला डावीकडे तलवार असायची, म्हणून ही सवय पडली असं सांगतात. तलवार गेली, सवय राहिली. आणि वर्षानुवर्षं एकाच रिकिबीवर पूर्ण वजन टाकल्यामुळे सांगाडा त्या बाजूला ओढला गेला. चप्पल कुठल्या बाजूला झिजली यावरून चांभार गिऱ्हाइकाची चाल सांगतो, तसाच हा प्रकार.

तुटका सांगाडा ही सौंदर्यातली उणीव नव्हे. सांगाड्याचं काम एकच : माणसाचं साठ-सत्तर किलो वजन घोड्याच्या कण्यावर न टाकता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरून देणं. तो तुटला की वजन एका बिंदूवर येतं. बसणाऱ्याला काही कळत नाही. घोडा आधी कुरकुरतो, मग पाठ आकसून घेतो, मग उडी नाकारतो. आणि लोक म्हणतात, घोडा हट्टी झालाय.

तीन छिद्रांची खूण

हाडं पाहून झाली की कातडं. जुन्या चांगल्या इंग्लिश खोगिराची बैठक बहुधा डुकराच्या कातड्याची असते. हे कातडं पातळ, ताणलं तर ताणणारं आणि तरी चिवट. ते ओळखायची खूण सोपी. डुकराचे केस तिघातिघांच्या गटानं उगवतात, त्यामुळे कमावलेल्या कातड्यावर तीन-तीन बारीक छिद्रांचे त्रिकोण दिसतात. भिंग असलं तर उत्तमच, पण चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनीही कळतं. गाईच्या कातड्यावर नकली ठिपके दाबून 'डुकराचं' म्हणून खपवण्याचा उद्योगही झालेला आहे. पण ते ठिपके एकसारखे असतात, छापील कापडावरच्या नक्षीसारखे. खऱ्या कातड्यावर दोन त्रिकोण सारखे भेटत नाहीत. फ्लॅप मात्र गाईच्या जाड कातड्याचे, तेही पाठीकडच्या भागाचे. पोटाकडचं कातडं सैल, ते पसरतं.

हे चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असे. इंग्लंडात ओकची साल. आपल्याकडे कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, त्याच जातीचं हे काम. ओकच्या सालीच्या हौदांत जाड कातडं वर्षभरही मुरत ठेवत. असं चामडं वापरानं गडद होतं, मऊ होतं, पण त्याचा कणा मोडत नाही. घाईनं तयार केलेल्या चामड्याला रंग लगेच चढतो आणि तितक्याच लगेच तडे जातात.

पारख करायची ती वाकवून. फ्लॅपची कड दोन बोटांत धरून हळूच दुमडावी. बारीक सुरकुत्या पडून गेल्या तर चिंता नाही. भेग उघडली आणि आतून तांबूस भुगा बोटाला लागला, तर ते चामडं मेलेलं आहे. त्याला 'रेड रॉट' म्हणतात, आणि तेल पाजून ते पुन्हा जिवंत होत नाही. तेलाचा अतिरेकही वाईट. जुन्या बाजारात एखादं खोगीर काळंभोर, चकचकीत, हाताला चिकट लागतं. त्याला गाईच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल नको इतकं पाजलेलं असतं, नाहीतर भेगा लपवायला गडद रंग फासलेला असतो. जास्त तेलानं चामडं सैल होतं आणि शिलाईचा दोरा कुजतो. वरवरची बुरशी त्यापेक्षा बरी. आपल्याकडे आषाढात कपाटातल्या बुटांवर चढते तसलीच ती; पुसली की जाते.

शिलाईची गोष्ट आणखी सुंदर आहे. हाताच्या शिलाईत आरीनं भोक पाडून एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर ओढतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी दुसरा दोरा जागचा हलत नाही. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की ओळ उसवू लागते. हाताचे टाके बारीकसे तिरके पडतात आणि दोन्ही अंगांनी सारखे दिसतात. एका इंचात आठ, दहा, बारा टाके असं माप. नाजूक जागी याहूनही बारीक. सबंध खोगिराच्या शिलाईवरून बोट फिरवावं आणि कुठेही अडखळू नये, अशी जुनी कामं पाहिली की टाके घालणाऱ्या अनामिक माणसाला मनातल्या मनात नमस्कार घडतो.

जन्मतारीख कशी काढायची

जुन्या खोगिरावर साल क्वचितच असतं. लष्करी खोगीर त्याला अपवाद. ब्रिटिश लष्कराच्या १९०२ आणि १९१२ सालच्या नमुन्यांच्या खोगिरांवर सरकारी बाणाची खूण, बनवणाऱ्याचं नाव आणि साल ठोकलेलं असे. त्यांची ठेवणही वेगळी : खाली दोन लांब लाकडी फळ्या, पुढे-मागे लोखंडी कमानी, आणि शिपायाचं सगळं बिऱ्हाड अडकवायला कड्याच कड्या.

बाकीच्या खोगिरांचं वय आकारावरून काढावं लागतं, आणि त्यासाठी एका इटालियन माणसाची ओळख हवी. फेदेरिको काप्रिली हा घोडदळातला अधिकारी. जन्म १८६८, मृत्यू १९०७. त्याच्या काळापर्यंत उडी मारताना स्वारानं मागे रेलायचं, पाय पुढे ताणायचे, अशी रीत होती. घोडा उडी घेतोय आणि माणूस त्याच्या कमरेवर आदळतोय. काप्रिली म्हणाला, रिकिबी आखूड करा, पुढे झुका, घोड्याची पाठ मोकळी सोडा. आज जगातला प्रत्येक उड्या मारणारा स्वार हेच करतो.

माणूस बदलला म्हणून खोगीर बदललं. त्याआधीचं शिकारीचं खोगीर पाहा : बैठक जवळजवळ सपाट, फ्लॅप सरळ खाली उतरलेला, गुडघ्याला आधार नाही. बाजूला चामडी कड्या, त्यांना सँडविचची डबी आणि पेयाची बाटली लटकवायची. काप्रिलीचा विचार दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये मुरला, तसा फ्लॅप पुढे झुकला आणि गुडघ्यांसाठी उशा आल्या. १९५० च्या दशकात काउंट इलियास तोप्तानी या मूळच्या अल्बानियन प्रशिक्षकाच्या नावाचं खोगीर गाजलं. त्यात बैठक खोल, कंबर अरुंद आणि रिकीब अडकवायची पट्टी आत दडवलेली, म्हणजे मांडीखाली गाठ टोचायला नको. तेव्हा सरळ फ्लॅप आणि सपाट बैठक दिसली तर जुन्या परंपरेचं, पुढे झुकलेला फ्लॅप आणि खोल बैठक दिसली तर नंतरचं, एवढं पहिल्या नजरेत सांगता येतं. प्रदर्शनात घोडा मिरवायची खोगिरं मात्र पुढेही सरळ फ्लॅपचीच होत राहिली, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

गादीचं अस्तरही बोलतं. जुन्या गाद्यांना तागाचं पांढरं कापड किंवा लोकरी सर्ज लावत. चामड्याचं अस्तर महाग, पण टिकाऊ. आत लोकरीची भरती. जुनी भरती बोटांना गाठीगाठीची लागते. अस्तराची शिवण उघडली, तर करड्या लोकरीत जुन्या कपड्यांचे रंगीत धागेही निघतात.

आणि दुकानाचा पत्ता! याचा उपयोग फार थोडे लोक करतात. लंडनच्या टपाल विभागांना १९१७ साली आकडे मिळाले. म्हणजे पत्त्यात नुसतं 'डब्ल्यू' असेल तर पट्टी त्याआधीची असण्याचा संभव, आणि 'डब्ल्यू १' असेल तर नक्की नंतरची. दुकानाला राजघराण्याची सनद असेल, तर ती राजाची की राणीची तेही वाचावं. १९५२ ते २०२२ या सत्तर वर्षांत गादीवर राणीच होती. अमेरिकेनं १८९० साली आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हा निर्यातीच्या मालावर 'इंग्लंड' हे नाव दिसू लागलं. एवढ्याशा पट्टीवर असा शंभर वर्षांचा टपाल, दरबार आणि व्यापार मावलेला असतो.

बायकांचं खोगीर

जुन्या खोगिरांत सर्वांत मान आहे तो बायकांच्या एकांगी खोगिराला. दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या बाजूला घेऊन बसायचं, अशी त्या काळच्या सभ्यतेची अट. उजवी मांडी वरच्या शिंगासारख्या आधारावर. १८३० च्या दशकात डाव्या मांडीवरून वळणारा दुसरा आधार आला, आणि त्याच्या जोरावर बायका पुरुषांच्या बरोबरीनं कुंपणं ओलांडू लागल्या. पण लांब झग्याचा घोळ आणि अडकलेला पाय यांमुळे पडलेली बाई घोड्याबरोबर फरपटत जाई. म्हणून पडताक्षणी रिकीब आपोआप सुटावी यासाठी कारागिरांनी एकाहून एक युक्त्या काढल्या, त्यांची पेटंटं घेतली. त्या युक्त्यांवरून आज या खोगिरांचा काळ आणि कर्ता ओळखतात. आधी उल्लेख केलेली लंडनची तीन नावं, चँपियन अँड विल्टन, ओवेन आणि मेह्यू, इथे सर्वांत मोलाची.

बायका दोन्ही बाजूंना पाय टाकून बसू लागल्या आणि ही खोगिरं माळ्यावर गेली. १९७४ साली ब्रिटनमध्ये एकांगी स्वारीची संघटना निघाली आणि ती पुन्हा खाली उतरली. आज ही शोभेची वस्तू नाही; जुनी खोगिरं दुरुस्त करून त्यांवर प्रत्यक्ष स्वारी होते. व्हिक्टोरियन काळातल्या बैठकी मध्ये खोलगट, त्यामुळे बाई वाकडी बसे. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या बैठकी सपाट, त्यांना म्हणून मागणी जास्त.

कानपूरचा शिक्का

या पारखीत एक जागा अशी आहे, जिथे भारतीय वाचकाला थोडं टोचतं. जुनं खोगीर घेताना 'भारतीय चामड्याचं तर नाही ना?' असं विचारण्याची पद्धत तिकडे पडून गेलेली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथून गेलेल्या स्वस्त खोगिरांनी हे नाव मिळवलं : चामडं कोरडं, सांगाडा कच्चा, गाद्या असमान. तक्रार खोटी नव्हती. पण अपुरी होती. बाभळीची साल आणि कातडी दोन्ही मुबलक, म्हणून १८५७ नंतर इंग्रज सरकारनंच कानपुरात खोगिरांचा कारखाना काढला आणि आपलं घोडदळ त्या चामड्यावर बसवलं. तेव्हा ते चामडं चाललं. फरक देशाचा नव्हता, तपासणाऱ्याचा होता. लष्कराचा निरीक्षक प्रत्येक खोगीर उलटं करून पाहत होता. स्वस्त माल मागणारा व्यापारी फक्त किंमत पाहत होता. कानपूरहून आजही देशोदेशी खोगिरं जातात, आणि कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. ती घेतानाही नियम तोच : नाव वाचा, पण हात आत घाला.

जिवाशी गाठ

आता दोन गोष्टी, ज्यांत हौसेचा प्रश्न नाही. पहिली, तंगाचे पट्टे. इंग्लिश खोगिराला प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात. पुढचा एक वेगळ्या नवारीवर, मागचे दोन एका नवारीवर शिवलेले. तंग अडकवताना पुढचा एक आणि मागचा एक असे घ्यायचे, म्हणजे एक नवार तुटली तरी दुसरी धरते. जुन्या खोगिरात या पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील किंवा मुळाशी शिलाई पांढरी पडली असेल, तर बाकीचं खोगीर कितीही देखणं असो, पट्टे बदलल्याखेरीज त्यावर कुणाला बसवू नये. दुसरी, रिकीब अडकवायची पोलादी पट्टी. तिच्या टोकाला एक छोटी खटकी असते. ती उघडी राहिली, तरच पडलेल्या स्वाराच्या पायासकट रिकिबीचा पट्टा निसटतो. जुनी खटकी गंजून बंद पडलेली असते आणि पुष्कळांना ते ध्यानातही येत नाही. बोटाच्या एका दाबानं हे तपासता येतं, आणि ते न तपासल्यानं माणूस फरपटत जाऊ शकतो.

शेवटचा पारखी अर्थातच घोडा. बैठक इंचांत मोजतात, कमानीच्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. सतरा इंच, साडेसतरा इंच. पण ते माप माणसाचं. घोड्याचं माप कमानीच्या रुंदीत आणि मधल्या घळीत. जुन्या खोगिरांची घळ अनेकदा अरुंद, कमानही सडपातळ जातिवंत घोड्यांसाठी बेतलेली. आजच्या रुंद पाठीच्या घोड्याला ती चावते. तेव्हा कितीही नामांकित असलं, तरी बसत नसेल तर ते खोगीर भिंतीवरच शोभतं. बसत असेल तर जुनी भरती काढून नवी लोकर घालता येते. ब्रिटनमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या खोगीरकारांच्या सोसायटीनं यासाठी खास तज्ज्ञ तयार केले. हे तज्ज्ञ रपेट झाल्यावर खोगीर उतरवून पाठीवरचा घाम पाहतात. घाम सर्वत्र सारखा आला असेल तर ठीक. मध्येच एखादा कोरडा ठिपका राहिला असेल, तर तिथे दाब पडतोय.

असा दाब फार दिवस पडत राहिला, की त्या जागचे केस गळतात आणि नवे उगवतात ते पांढरे. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर, आयाळ संपते त्याच्या मागे, दोन पांढरे ठिपके दिसले तर ते जातीचं लक्षण समजू नये. कधी तरी, कुणी तरी, आतली भरती न तपासता त्याच्यावर खोगीर चढवलं होतं. तो घोडा पुढे दहा जणांना विकला जाईल, दहा खोगिरं बदलतील. ते केस पुन्हा काळे होत नाहीत.